ताईचे दहा दिवस

आमच्या घरी पंचांग स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं असे. पुढच्या पानांवरच्या तिथी आणि नक्षत्रं बाबा बघत. मागच्या पानांवर सुतकाचा तक्ता होता आणि तो मला तोंडपाठ होता. चौदा वर्षांच्या मुलीनं असलं काही पाठ करावं हे तुम्हा नातवंडांना विचित्र वाटेल. पण तुमच्यातला निखिल लहानपणी विमानांची वेळापत्रकं घेऊन बसायचा, त्याला यातली गंमत कळेल. घरातलं माणूस गेलं की त्याच्या जवळच्यांनी ठरावीक दिवस देवाला शिवायचं नाही, गोडधोड करायचं नाही, मंगल कार्यात जायचं नाही. हे सूतक. ते कोणाला किती दिवस, हे नात्यावर ठरतं. तक्त्यात नातं शोधायचं, बोट आडवं सरकवायचं की आकडा मिळायचा. गल्लीतल्या बायका खालून हाक मारत, "मालू, माझ्या चुलत सासऱ्यांचं मला किती गं?" आणि मी गॅलरीतूनच दिवस सांगे.

गेल्या गणपतीत ईशानं व्हिडिओवर विचारलं होतं, "आजी, सगळे आरती करतायत आणि तू लांब खुर्चीत का बसलीस?" मी पाय दुखतोय म्हणून सांगितलं. पाय दुखत नव्हता. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे.

आम्ही तेव्हा शहराच्या जुन्या भागात, नागरवाड्यात, वरच्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर उघडणारी अरुंद गॅलरी. बाबा जुन्या संस्थानच्या दफ्तरखान्यात कामाला लागले होते. संस्थान गेलं, मग मुंबई राज्य आलं, मग गुजरात झालं, तरी त्यांचं टेबल तेच राहिलं. कागद कुठल्या कपाटात आहे हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. माझ्या अंगातली शिस्त त्यांच्याकडून आली. आई मोजकं बोलायची आणि हातानं सतत काहीतरी करत असायची. सकाळी खाली दूधवाल्याच्या किटल्या वाजत, मग शेजारच्या हंसाबेनचा झोपाळा कुरकुरू लागे, मग आईच्या फोडणीचा आवाज येई. रविवारी बाबा स्वतः जाऊन शेव-उसळ आणत आणि आई दर वेळी म्हणे की मी घरी याहून चांगली करते, आणि दर वेळी सगळ्यांत जास्त पाव तीच खाई. घरात आम्ही स्वच्छ मराठी बोलायचो. गॅलरीतून बाहेर तोंड काढलं की आपोआप गुजराती सुरू होई.

माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी सुलभा, माझी ताई, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. उंच, खणखणीत आवाजाची, आणि नकला करण्यात अशी तरबेज की हंसाबेन हसताना झोपाळ्याला धरून ठेवत. तिची सगळ्यात चांगली नक्कल छाणीच्या मुलींची होती. छाणीच्या मावशी नुसत्या म्हणायला मावशी; त्यांचं कुटुंब पूर्वी आमच्याच गल्लीत राहायचं. काका एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत, म्हणून ते पुढे शहराबाहेर छाणीला राहायला गेले. दर संक्रांतीला मावशी मुलींना घेऊन तिळगूळ द्यायला येत. एकूण चार मुली. तिघींची लग्नं झाली होती, पण त्याही येत. तेलानं चप्प बसवलेल्या वेण्या, भडक रिबिनी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने'. "तू येशील ने? खाशील ने? बसशील ने?" त्या जिना उतरून गेल्या की ताई पदर खोचून सुरू करायची. धाकटी कमल तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी होती, तिची नक्कल ताई अशी काही हुबेहूब करायची की मी लोळायची. ती इतकी हुबेहूब का व्हायची हे मला तेव्हा सुचलं नाही. आई मात्र त्या नकलांना कधी हसली नाही. "पुरे," एवढंच म्हणायची.

त्या वर्षी गल्लीच्या गणपतीत सातव्या दिवशी बायकांचा कार्यक्रम होता आणि खालच्या मजल्यावरच्या सिंधूकाकूंनी स्वतः नाटुकलं लिहिलं होतं. महाभारतातला एकच प्रसंग: युद्धाच्या आधी कुंती कर्णाला गाठते आणि सांगते की तू सूताचा मुलगा नाहीस, माझा आहेस, पांडव तुझे भाऊ आहेत, त्यांच्याकडे ये. पात्रं दोनच. कुंतीचं काम काकूंनी स्वतःकडे ठेवलं, कारण पांढरी रेशमी साडी फक्त त्यांच्याकडे होती. कर्ण ताई. मिठाईच्या खोक्यांच्या सोनेरी कागदाचं कवच, पुठ्ठ्याचा मुकुट, आणि कुंडलं म्हणून आईच्या मोत्याच्या कुड्या. माझं अक्षर चांगलं म्हणून वहीत नाटकाची स्वच्छ प्रत मी केली आणि पडद्यामागे उभी राहून विसरलेली वाक्यं पुरवायचं कामही माझ्याकडे आलं. ते मला फार आवडलं. स्टेजवर जे काही बोललं जाईल ते माझ्या हातातल्या वहीत आधीच लिहिलेलं आहे, ही भावना मला सुखाची वाटे.

तालमी आमच्या बाहेरच्या खोलीत होत, कारण काकूंच्या घरात त्यांचे सासरे कायम पडून असत आणि कुंती रडायला लागली की ते आतून विचारत, "कोण गेलं?" काकूंचा कर्ण रागीट होता. टाळ्या कुठे पडणार हे त्यांनी लिहितानाच ठरवलेलं होतं. कुंती पदर पसरते, आणि कर्ण म्हणतो, "तू माझी कोणी नव्हतीस आणि कोणी नाहीस. माझी आई राधा. मला घेतलं तेव्हा तिला पान्हा फुटला, त्या दुधावर मी वाढलो. ज्यांनी मला आपलं म्हटलं त्यांना मी सोडणार नाही." पहिल्या वाक्यावर टाळ्या, असा काकूंचा हुकूम होता. "सुलभा, थांब तिथे. लोकांना हात मोकळे करायला वेळ दे."

पत्र आलं ते गणपतीच्या पाचव्या दिवशी, दुपारी. पोस्टमनकडून टपाल घेणं हेही माझंच काम. कार्डावर वर 'श्री' नव्हतं आणि कोपऱ्यात 'अशुभ' लिहिलेलं होतं. असलं पत्र घरात आणत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडायचं आणि निरोप तोंडी सांगायचा. मी जिन्यात उभी राहून वाचलं. छाणीचे काका गणपती बसले त्याच दिवशी गेले होते. पत्र त्यांच्या गावाकडच्या भावानं लिहिलं होतं, बाबांच्या नावे, आणि गृहस्थ माझ्यासारखेच काटेकोर असावेत, कारण खाली त्यांनी कोणाला किती सूतक तेही कळवलं होतं. लग्न झालेल्या मुलींना तीन दिवस. चि. कमल आणि चि. सुलभा यांना दहा दिवस, तरी सुलभेस सांगणे.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग नियमाप्रमाणे कार्ड फाडलं, तुकडे खालच्या कचऱ्याच्या पिंपात टाकले, हात धुतले आणि वर आले. तालीम चालू होती. मुकुट घातलेली ताई खिडकीशी, काकू गुडघ्यावर, आई कोपऱ्यात कवचाची नाडी शिवत होती, आणि सुट्टी असल्यानं बाबा आरामखुर्चीत. मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर कित्येक महिने मी ते मनात वेगळ्या तऱ्हेनं बोलून पाहत होते.

"छाणीचे काका गेले," मी म्हटलं. "त्यांच्या भावाचं पत्र होतं. पण त्यांना सुतकातलं काही कळत नाही. त्यांनी ताईला दहा दिवस लिहिलेत. आपलं त्यांच्याशी काही नातंच नाही, आपल्याला नुसती आंघोळ पुरे. मी परत कार्ड पाठवून चूक कळवू का?"

ताईच आधी हसली. "मला दहा दिवस? का, मी काय त्यांची मुलगी आहे ने?" तिनं ते कमलच्या आवाजात म्हटलं, शेवटी 'ने' लावून. कोणीच हसलं नाही. आईच्या हातातली सुई तशीच राहिली. सिंधूकाकू गुडघ्यावरून उठल्या आणि त्यांनी पदर नीट केला. त्या आईकडे बघत होत्या, बाबा जमिनीकडे. ताईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई?"

"हो," आई म्हणाली.

"हो म्हणजे काय?"

"म्हणजे तू त्यांची. तीन महिन्यांची होतीस, तेव्हा आणली."

"आणि मालू?"

आईनं सुई कवचात खोचली. "मालू माझी."

रस्त्यावर मंडपातला कर्णा मध्येच सुरू झाला आणि बंद पडला. ताई म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "कधी सांगणार होतात?"

"तुझ्या लग्नाच्या वेळी," आई म्हणाली. "तेव्हा गोत्र सांगावं लागलं असतं."

बाबा पहिल्यांदा बोलले. "कागद असा कुठेच नाही. मुलीला दत्तक घेण्याचे विधी तेव्हा कोणी करत नसे. नुसती घरी आणली. शाळेत नाव लावलं ते माझं." आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद सांभाळलेला माणूस असं म्हणताना किती अवघडला असेल, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच समजलं, की विधी झाला नाही म्हणजे तक्त्याप्रमाणे ताई अजून त्यांचीच, आणि दहा दिवस बरोबर आहेत. पत्रात चूक नव्हती.

"मुकुट काढू का?" ताईनं सिंधूकाकूंना विचारलं.

"काढ बाई," काकू म्हणाल्या. "मानेला रग लागेल."

बाकीचं मला काकूंनी त्याच संध्याकाळी खाली चहा पाजून सांगितलं. त्यांना सांगितल्याशिवाय राहवलं नसतं. आईची दोन मुलं एकामागून एक गेली होती. दुसरं आठ दिवसांचं होऊन गेलं. त्याच सुमाराला समोरच्या घरात मावशींना पाचवी मुलगी झाली आणि मावशी अंथरुणाला खिळल्या, त्यांना दूध नव्हतं. आईला होतं. आधी नुसती पाजायला म्हणून आणत, मग एक दिवस मावशींनीच सांगितलं की आता परत पाठवू नका. "तुझ्या आईला पोर परत द्यावं लागणार या धास्तीनं जेवण जात नव्हतं," काकू म्हणाल्या, "आणि त्या बिचारीला घ्यावं लागणार या धास्तीनं. मग मीच मध्ये पडले. शब्द ठरला की मुलीला कळू द्यायचं नाही. राधेचा पान्हा मी काय पोथीत बघून लिहिला? डोळ्यांनी पाहिला होता." गल्लीतल्या मोठ्या माणसांना सगळं माहीत होतं. वीस वर्षं कोणी बोललं नाही. गावाकडच्या त्या भावाला तेवढं गुपित आहे हे कोणी सांगायचं राहिलं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या संध्याकाळी अर्धा तास मी खूश होते. माझं आणि ताईचं एकच कपाट होतं, वरचा खण तिचा, खालचा माझा, आणि खालच्यात झुरळं येत. मी कपाटासमोर उभी राहून वरच्या खणाकडे बघत होते. 'मालू माझी' हे दोन शब्द डोक्यात होते. मागून ताई आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं.

"हवाय?" ती म्हणाली. "घे की. आता तू थोरली."

ती चिडून बोलली नाही. मी पळत गॅलरीत गेले. तुम्हाला वाटत असेल की आजी नेहमीच शहाणी होती, म्हणून हे लिहून ठेवते.

आता प्रश्न असा होता. दहा दिवस धरायचे तर ताईला सातव्या दिवशी गणपतीसमोरच्या स्टेजवर पाय ठेवता येणार नव्हता, आणि तिच्याशिवाय नाटक होणार नव्हतं. पण खरी गोष्ट नाटकाची नव्हती, हे मलाही कळत होतं. सूतक धरलं म्हणजे सगळ्या गल्लीसमोर ती छाणीची झाली. नाही धरलं म्हणजे मेलेल्या बापाला ती नाही म्हणाली. आई तिला एका शब्दानं काही विचारत नव्हती. फक्त त्या दोन दिवसांत आईनं दोनदा भातात मीठ घातलं नाही. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आरतीच्या वेळी ताई उंबऱ्याशी उभी राही, हात न जोडता. सिंधूकाकूंचं मत सोपं होतं. "पत्राचं कोणाला माहीत आहे? काम कर. गणपतीची समजूत मी घालते. इतकी वर्षं मोदक घालतेय त्याला, एवढं ऐकेल."

सहाव्या दिवशी कमल आली. पांढरं पातळ, वेणीला रिबिन नाही. सुतकातली म्हणून ती वर आली नाही, जिन्याखाली उभी राहिली आणि ताई चार पायऱ्यांवर. मी गॅलरीच्या कठड्याआडून ऐकत होते.

"गावच्या काकांनी पत्र लिहिलं ते आईला नंतर कळलं," कमल म्हणाली. "ती खूप वढली त्यांना, फार रागावली. माझ्याबरोबर निरोप कहेवडावलाय तिनं, तुला काही सूतक नाही. आम्ही दिलेली पोर, आमचं सूतक तिला कशाला? नाटक कर म्हणाली."

ताई एक पायरी खाली उतरली.

"वेश छान झालाय असं ऐकलं," कमल म्हणाली.

"तुला माहीत होतं?" ताईनं विचारलं.

"मी दोन वर्षांची होते. पण आई बोटं मोजायची ने. रिबिनी आणायच्या तर बोटं मोजायची, थाळ्या मांडायच्या तर बोटं मोजायची. पाच व्हायची. मग एक बोट मिटायची. मोठी झाल्यावर विचारलं, तेव्हा बोलली." कमल थोडी हसली. "तू माझी नक्कल करतेस ते पण माहितेय. हंसाबेननी सांगितलं. सारी करते म्हणाल्या, अगदी छान."

ताई पायरीवर बसली. "कमल, मी..."

"अरे, करायची ने. आपली माणसं नाही करणार तर कोण?" आणि ती निघाली. कोपऱ्यावर वळताना तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि नाकाची ती एक रेघ मी बाजूनं पाहिली. ते नाक आमच्या घरात रोज पाहत होते.

महाभारतात कुंती मागायला येते. इथे मावशींनी काही मागितलंच नाही, उलट सोडून दिलं, आणि मला वाटतं त्यामुळेच ताईची अडचण वाढली. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं.

सातव्या दिवशी ती स्टेजवर गेली. का गेली हे तिनं सांगितलं नाही. मंडपात पेट्रोमॅक्सचा सूं सूं आवाज, समोर सतरंज्यांवर बायका, पहिल्या रांगेत आई, शेजारी हंसाबेन. मी डाव्या पडद्याआड, वही उघडून, वाक्याखाली बोट ठेवून. सिंधूकाकूंनी कुंतीचं रडणं नेहमीपेक्षा लांबवलं. मग पदर पसरला. आता ते टाळ्यांचं वाक्य. ताई गप्प. मी हळू आवाजात पुरवलं, "तू माझी कोणी नव्हतीस." गप्प. मला वाटलं ऐकू गेलं नाही. "तू माझी कोणी नव्हतीस आणि कोणी नाहीस." ताईनं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. लोकांना वाटलं अभिनय चाललाय, कोणी खाकरलंसुद्धा नाही. काकूंचा पसरलेला पदर खाली आला होता, आणि ते नाटकातलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा वाक्य पुरवलं नाही.

ताई म्हणाली, "माझी आई राधा." आणि मग थांबून, तिचा खणखणीत आवाज बराच खाली आणून, पुढचं सगळं वहीबरहुकूम म्हणाली: पान्हा, दूध, ज्यांनी आपलं म्हटलं त्यांना सोडणार नाही. टाळ्या कुठे द्यायच्या ते लोकांना कळलंच नाही. पडदा पडल्यावर थोड्या उशिरानं पडल्या. मी पेन्सिलीनं त्या गाळलेल्या वाक्यापुढे समासात 'वगळले' असं लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, गोत्री भागातल्या या घरातल्या कपाटात, वरच्या खणात. तुमच्यापैकी कोणाला हवी असेल त्यानं घेऊन जावी.

आठव्या दिवशी सकाळी उठून पाहते तो ताईनं पिशवी भरलेली. "मी छाणीला जाते," ती आईला म्हणाली. "तेरावा झाला की बघू."

ते 'बघू' आईनं ऐकलं. तिनं डब्यात पिठलं-भात भरून दिला, सुतकाच्या घरी बाहेरून येतो तसा, आणि झाकण दोनदा दाबून पाहिलं.

मला ते पटलं नाही आणि मी तसं बोलले. "असं चालत नाही. सूतक असेल तर काल स्टेजवर कशी गेलीस? आणि नसेल तर आज का चाललीस? एक काहीतरी धर."

ताईनं पिशवी उचलली. "मालूबाई, तुझ्या तक्त्यात मी कुठे बसते ते शोधून ठेव," ती म्हणाली, "मी येईपर्यंत." आणि जिना उतरली.

दुपारी बाबांनी पूजेसाठी आईला हाक मारली. आमच्या घरी दहा दिवसांचा गणपती असे आणि दुपारचा नैवेद्य आईच्या हातचा. आई स्वयंपाकघराच्या बाहेर, दाराशी भिंतीला टेकून बसली होती, अगदी पंचांगाखाली. ती उठली नाही. "तुम्ही दाखवा नैवेद्य. मालूला घ्या मदतीला," ती म्हणाली. "मी शिवणार नाही."

"का?" मी म्हटलं. "तुला काही नाही. त्यांचं तुला काहीच लागत नाही, मी पाहिलंय."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार लांबून बोलत होते.

"माझ्या मुलीचा बाप गेलाय," ती म्हणाली. "मला कसं नाही?"

बाबा दारात सोवळं नेसून उभे होते. बाप म्हणून शाळेत ज्यांचं नाव होतं ते. त्यांनी ते ऐकलं, आणि आत जाऊन मोदकपात्र उतरवलं. त्या दिवशीचे मोदक आम्ही दोघांनी केले. सगळे फुटले. उरलेले दिवस आई तशीच दाराबाहेर बसली, विसर्जनालाही खाली आली नाही. गल्लीतल्या बायकांनी मला विचारलं, "मालू, तुझ्या आईला कोणाचं गं?" तेव्हा पहिल्यांदा मी गॅलरीतून उत्तर दिलं नाही.

तेरावा होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताई आली नाही. आईनं चार पानं मांडली आणि त्यांच्यासमोर बसून राहिली. आठ वाजायच्या सुमारास जिना वाजला. ताईनं पिशवी ठेवली, डबा मोरीत ठेवला, पाय धुतले.

"भूक लागलीय ने," ती म्हणाली. नक्कल नव्हती ती. इतक्या दिवसांत तोंडात बसलं होतं.

आईनं भात वाढला. मीठ बरोबर होतं.

ताईचं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं. कन्यादान आई-बाबांनी केलं आणि मावशी चारी मुलींसह पुढच्या रांगेत बसल्या. कोणी काही विचारलं नाही, कारण आता सांगायला ताईच पुढे होती. "ही माझी आई, आणि या माझ्या छाणीच्या आई." तिनं कधी कोणाला समजावून सांगितलं नाही की कोणती खरी. मी पुढे इंग्रजी साहित्य शिकले, बरीच वर्षं शिकवलं. निष्ठा आणि रक्त यांतून माणूस काय निवडतो यावर मी वर्गात तासन्‌तास बोललेले आहे. त्या वेळी दर वेळी मला तिनं गाळलेलं वाक्य आठवे, पण वर्गात ते मी कधी सांगितलं नाही.

ताई गेल्या वर्षी गेली, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, नाशिकला, तिच्या घरी. फोन ठेवल्यावर मी पंचांग काढलं. आता छपाई बारीक असते, भिंग घेऊन बसले. तक्ता फारसा बदललेला नाही. लग्न होऊन गेलेली, वेगळ्या आईबापांची, विधीनं न घेतलेली. मला काहीच नव्हतं. नुसती आंघोळ. मग मी छाणीला कमलला फोन लावला. तिला आता कमी ऐकू येतं, दोन वेळा ओरडून सांगावं लागलं.

"तू किती धरणार?" मग तिनं विचारलं.

"दहा," मी म्हटलं. "पण कमल, पुस्तकात मला एकही दिवस नाही. आणि तुलासुद्धा दहा नाहीत, तुझं लग्न झालेलं, तिचं झालेलं..."

"मालू," ती म्हणाली, "ते पुस्तक खाली ठेव ने."